उंचीची पट्टी

तिकीट वीस रुपये.
ज्या खिडकीतून फाडून देतात
तिथं आमची चूल होती.
आई इथंच बसून फुंकणी फुंकायची,
धूर आधी आम्हाला, मग कैद्यांना.
मी सुटे मोजून दिले. काही बोलले नाही.

सबजेल म्हणायचे तेव्हा. चार खोल्या, एक आड,
मागं चिंच. चिंच तोडली,
तिथं आता चपला ठेवायचं फडताळ.
बाबा इथले शिपाई. निंगाप्पा मुतगेकर, पट्टा नंबर नऊ.
रात्री प्रत्येक कुलूप ओढून बघायचे,
चौथा खडाक झाला की मला झोप यायची.
लग्न होऊन लोंढ्याला गेले
तेव्हा कितीतरी रात्री टक्क जागी.
गाड्यांचा आवाज होता, तो नव्हता.
हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

गाईड पोरगा विशीतला, छातीवर बिल्ला: महांतेश.
मराठी बोलतो, कानडी हेलाची, गोड.
"बघा ताई, हे बेड्या. हे कंदील. हे पहारेकरी."
पहारेकरी प्लास्टरचा,
मिशा अशा की लिंबू ठरेल.
बाबांना मिशी नव्हती.
बूटही वर्षातनं दोनदाच, बेळगावचा साहेब यायचा तेव्हा.
आत कोण आहे, काय केलंय, विचारू नको म्हणायचे.
जेवला काय, एवढं विचार.

तिसऱ्या खोलीच्या चौकटीवर ती पट्टी.
सागवानी, फूट-इंच कोरलेली.
नवा माणूस आला की टाच टेकवून उभा करायचे,
बाबा आकडा सांगायचे, जमादार वहीत मांडायचा.
आणि खाली, पार खाली,
बारीक खाचा.
दोन फूट नऊ. तीन फूट.
वर आणखी तीन.

पोरगा काठीनं दाखवतो:
"इथं बालगुन्हेगार पण ठेवत होते, ताई.
लहान लहान मुलं. हे सगळ्यांची उंची."
मागच्या बाईनं "अगं बाई" म्हणून
नातवाला जवळ ओढलं.

एकच मूल होतं.
दर दसऱ्याला, नवा झगा घालून.
खाच पाडायला जो कोण आत असेल तो.
सुरी कुठली असणार, जर्मनच्या ताटलीचा काठ.
पहिली कुणाची, ठाऊक नाही.
दुसरी एका सागवानचोराची.
बाबा म्हणाले, त्याला लाकूड कळतं.

वरच्या तीन दुंडप्पाच्या.
बैलहोंगलकडचा. तारखा पडत गेल्या,
तीन दसरे इथंच झाले.
गजांतून हात बाहेर काढून डोक्यावर ताटली आडवी धरायचा,
"मूरु अडी, एरडु इंच. भाळ बेळदी, यव्वा."
भारी वाढलीस, बाई.
त्याच्या घरची केवढी झाली असेल
ते तो म्हणायचा नाही, मी विचारलं नाही.
दुपारी बाबा डुलकी काढत
तेव्हा फरशीवर कोळशानं अक्षरं काढायचा,
उलटी, म्हणजे मला बाहेरून सुलटी दिसावीत.

चौकटीशेजारी पितळी पाटी आहे.
वर कानडी, खाली इंग्रजी.
माझी अक्षरं तिच्यात कुठं नाहीत.
खरं मला वाचता आली,
पहिल्या ओळीपासून, न अडखळता.

त्याला एका पहाटे हिंडलग्याला नेला.
मी झोपेत होते. कुलूप उघडल्याचा आवाज
मला ओळखीचा नव्हता, लागल्याचाच होता.
आई म्हणाली, भाकरी बांधून दिली, चार.
पुढच्या दसऱ्याला बाबांनी हाक मारली,
आत नवा कोण होता, ताटली घेऊन तयार.
मी आडामागं जाऊन बसले.
त्याच्या पुढच्याही.

"हात लावू नका, ताई," पोरगा हळू म्हणाला.
माझा अंगठा तीन फूट आठवर होता.
"ही शेवटची बघा. ह्याच्यावर एक पण नाही.
मग सरकारनं लहान मुलं ठेवायचं बंद केलं."

व्हय, म्हटलं.
मग बंद केलं.